नात्याचा रकाना

आमच्या हॉस्पिटलच्या भरतीच्या फॉर्मवर गेल्या महिन्यापासून एक ओळ वाढली आहे. 'रुग्णाने स्वतः सांगितलेली जवळची व्यक्ती', पुढे नाव आणि फोन नंबर. नातं विचारलेलं नाही. ही ओळ संघटनेच्या लोकांनी आणली असं सगळे म्हणतात आणि ते खरंच आहे. पण ती मंजूर व्हावी म्हणून आमच्या बाजूने पहिली सही केली ती कुलूपकाकांनी, आणि ती त्यांनी का केली ते मला माहीत आहे. म्हणून हे लिहायला बसले.

मी आयसीयूतली सिस्टर, आणि कुलूपकाका म्हणजे आमच्या दारावरचे वॉचमन. एकतीस वर्षं एकच दार. त्यांना खरं नाव आहे, पण ते पगाराच्या दिवशीच ऐकू येतं. माझ्यापेक्षा पाचेक वर्षांनी मोठे असतील, पण सगळा स्टाफ काका म्हणतो म्हणून मीही म्हणते. बेताची उंची, टोपी कधी वाकडी नाही, बसायला एक लोखंडी स्टूल आणि त्यावर काकूंनी जुन्या युनिफॉर्मच्या पँटी फाडून शिवलेली उशी. समोर रजिस्टर. पेशंटचं नाव, भेटायला येणाऱ्याचं नाव, नातं, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ, शेरा. निळं पेन आत सोडलेल्यांसाठी, लाल पेन परत पाठवलेल्यांसाठी. लाल नोंदीवर ड्युटीवरच्या सिस्टरची सही घ्यायची, हा नियमही त्यांनीच स्वतःवर लादून घेतलेला. पन्नास वेळा सांगितलं असेल, काका, कशाला हे, आम्हाला काय तेवढाच उद्योग आहे का. ऐकतील तर शपथ.

दारावर त्यांचा एकच प्रश्न असायचा. "घरचे का?"

घरचा असेल तर आत, नसेल तर संध्याकाळी पाच ते सहा, काचेतून. मोठ्या डॉक्टरांच्या सासूबाईंना एकदा त्यांनी वीस मिनिटं बाहेर बसवून ठेवलं होतं, कारण बाई आपल्या जावयाच्या हुद्द्यावर आत जायला निघाल्या होत्या आणि पेशंट होती त्यांची शेजारीण. आम्हाला वाटलं, गेली काकांची नोकरी. मोठे डॉक्टर खाली आले, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच काकांच्या खांद्यावर थोपटून निघून गेले.

हा कडकपणा उगाच आलेला नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी एका माणसाला 'पुतण्या' म्हणतो म्हणून आत सोडलं. तो पुतण्या नव्हताच. शुद्ध हरपत चाललेल्या म्हातारीच्या अंगठ्याला शाई लावून तो कागदावर ठसा घेऊन गेला. चौकशी झाली, काका महिनाभर घरी बसले, नवीन लग्न झालेलं. परत आले ते एक युक्ती घेऊनच. कोणी 'भाऊ' म्हणाला की विचारायचं, "आईचं नाव काय?" आणि केसपेपरवर लिहिलेल्या आईच्या नावाशी ताडून पाहायचं. त्यावरही समाधान झालं नाही आणि पेशंट शुद्धीत असला, तर आत जाऊन पेशंटलाच विचारायचं. खोटे भाऊ पकडण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. आम्ही कौतुकही करायचो. कुलूपकाका हे नाव मीच ठेवलेलं.

तर ही संघटना. समलिंगी बायका-पुरुषांच्या हक्कांसाठी काम करणारी, शहरात दहाबारा वर्षं असलेली, पण माझ्या कानावर गेल्या वर्षीच आली. सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यांचं ऑफिस. संध्याकाळी फोनवर कुणाचंही ऐकून घ्यायला एक माणूस बसलेला. रविवारी आईबापांची बैठक, ज्यांच्या मुलामुलींनी घरी सांगून टाकलंय आणि ज्यांना आता काय बोलावं ते सुचत नाही अशांची. पोलिसांच्या प्रशिक्षणात जाऊन दोनदा बोलून आले म्हणे. आणि वर्षभर त्यांनी एकच गोष्ट लावून धरली होती, ती म्हणजे हॉस्पिटलं. खिशात बाळगायचं एक पिवळं कार्ड त्यांनी छापलं होतं: मला काही झालं तर या माणसाला बोलवा, याला आत सोडा, याला सांगा. हे कार्ड मानावं आणि फॉर्मवर तशी ओळ घालावी म्हणून ते एकेका हॉस्पिटलच्या पायऱ्या झिजवत होते. आमचं दहावं.

मोठ्या डॉक्टरांनी हात झटकले नाहीत आणि हो पण म्हटलं नाही. "स्टाफशी बोला," म्हणाले, "दार कुलूपकाका सांभाळतात. त्यांना चालत असेल तर मला चालेल." चेष्टेत म्हणाले, पण शब्द दिला तो दिला.

बुधवारी दुपारी दोन वाजता लेक्चर हॉलमध्ये आम्ही तीसेक जण जमलो, काका सगळ्यात मागच्या रांगेत. संघटनेकडून तिघं आले होते. एक वकीलबाई, एक बेकरी चालवणारी आणि एक शाळेतले गणिताचे मास्तर, पन्नाशी उलटलेले, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. बेकरीवालीने सगळ्यांसाठी बिस्किटं आणली होती. मी एक उचललं आणि ते खाता खाता म्हणाले, "तुमचं काम चांगलंच आहे हो, पण आमच्याकडे असे पेशंट येत नाहीत."

"येतात की," ती म्हणाली. "माझीच पार्टनर दोन वर्षांपूर्वी तुमच्याकडे होती, अपेंडिक्सला. मी तिची बहीण म्हणून सही केली. तुम्हीच मला 'दोघी अगदी एकमेकींवर गेल्यात' म्हणालात."

तीस जण हसले. मी हसले नाही. उरलेलं अर्धं बिस्किट हातातच धरून बसले.

वकीलबाई कायद्याचं बोलल्या, त्यातलं निम्मं डोक्यावरून गेलं. मग मास्तर उठले. वर्गात बोलतात तसं, आवाज न चढवता बोलले.

"मी आणि तो अकरा वर्षं एका घरात राहत होतो," ते म्हणाले. "सोळा वर्षांपूर्वी त्याला न्यूमोनिया झाला. मीच रिक्षातून घेऊन गेलो. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, कारण भांडायला आलेलो नाही. दारावर विचारलं, घरचे का? मी म्हणालो, भाऊ. तिथल्या वॉचमनने आईचं नाव विचारलं. मी माझ्या आईचं सांगितलं. घाबरलो होतो, दुसरं सुचलंच नाही."

हॉलमध्ये कोणीतरी खुर्ची सरकवली. मी मागे वळून पाहिलं नाही. आईचं नाव विचारणारा वॉचमन या शहरात एकच आहे, हे आमच्या स्टाफमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. तो याच हॉलमध्ये बसलाय हे मास्तरांना माहीत नव्हतं. सोळा वर्षांत काकांचे केस पांढरे झाले, मिशी गेली, चष्मा आला. आणि मास्तरांनी तेव्हा पाहिली असेल ती टोपी आणि रजिस्टर.

"तीन दिवस मी बाकावर बसलो. तिसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता त्या वॉचमनने मला स्वतःहून चहा आणून दिला. साखर जास्त घातलेली होती. मला वाटलं, पाझर फुटला याला. आज आत सोडणार. मी चहा पिऊन रुमालाने तोंड पुसून तयार झालो." ते थांबले, खिशातलं एक पेन काढून परत ठेवलं. "तो आठ वाजताच गेला होता. त्याच्या गावच्या मामांनी मागच्या दाराने नेला सुद्धा. मला दुपारी सफाई करणाऱ्या बाईंनी सांगितलं."

माझ्या शेजारची नवी सिस्टर ओढणी तोंडावर धरून बसली. मोठे डॉक्टर जमिनीकडे पाहत होते.

"माझा राग नाही," मास्तर म्हणाले. "नियम होता, त्याने पाळला. मला फक्त एक गोष्ट कळायला हवी होती आणि ती आता कुठूनच कळणार नाही. मी बाहेर आहे हे त्याला माहीत होतं का? की मी सोडून गेलो असं समजून तो गेला? अकरा वर्षं एकत्र काढली आणि मला शेवटचं एवढंही माहीत नाही. तुमच्या फॉर्मवर ती ओळ आली तर पुढच्या माणसाला हे विचारत फिरावं लागणार नाही. एवढंच."

दार वाजलं. काका निघून गेले होते. त्यांची टोपी खुर्चीवर राहिली होती. एकतीस वर्षांत मी त्यांना बिनटोपीचं पाहिलं नव्हतं.

खरं सांगते, त्या वेळी मला त्यांचा संताप आला. मनात म्हटलं, बघा, शेवटी नडलाच तुमचा हेका. चहा पाजता माणसाला? मेलेल्याच्या माणसाला चहा पाजून बसवून ठेवता? सोळा वर्षांपूर्वी मीही याच आयसीयूत होते, हे मला आठवत होतं. पण आमच्याकडे तीन पाळ्या असतात, सिस्टर सहा. असेल दुसरी कोणी, असं मी धरून चालले आणि घरी जाऊन जेवले.

गुरुवारी काका आले नाहीत. शुक्रवारी पण नाही. दारावर बदलीचा वॉचमन बसला होता, जो विचारेल त्याला आत सोडत होता. शनिवारी दुपारची ड्युटी संपवून मी टोपी घेऊन त्यांच्या घरी गेले. लॉन्ड्रीच्या मागे दोन खोल्या, भिंतीच्या पलीकडून इस्त्रीची वाफ आणि साबणाचा वास. काकूंनी दार उघडलं.

"बरं झालं आलात," त्या म्हणाल्या. "तीन दिवस धड जेवले नाहीत. विचारलं तर म्हणतात, माझ्या हातून फार वाईट झालं. काय झालं म्हटलं तर गप्प. त्यांच्यावर राग काढू नका हं, त्यांचं काही चुकलं असेल तर मला सांगा." बिचारीला वाटत होतं, आमच्याकडून त्यांना काही बोलणी खावी लागलीत.

काका आतल्या खोलीत खाटेच्या कडेला बसले होते. दाढी वाढलेली. मी टोपी पुढे केली, ती त्यांनी घेतली आणि गुडघ्यावर ठेवली.

"काका," मी जरा कडकच बोलले, "चहा कशाला पाजलात त्याला?"

"मग काय करू?" ते म्हणाले. "सांगायची परवानगी नव्हती. घरच्यांशिवाय कुणाला सांगायचं नाही. आणि तो तसाच बसलेला. मला बघवेना. हातात काहीतरी द्यावं म्हणून चहा दिला. त्याला वाटलं मी आत सोडतोय. ते मला बुधवारी कळलं, सिस्टर. सोळा वर्षं मला वाटत होतं, निदान एक गोष्ट तरी चांगली केली."

मी त्यांच्या शेजारी खाटेवर बसले.

"रजिस्टर काढायचंय," ते म्हणाले. "मास्तरांना दाखवायचंय. तुम्ही आलात तर रेकॉर्डवाला देईल. मला एकट्याला बाहेर न्यायला देणार नाही."

"काय आहे त्यात?"

"बघू," म्हणाले आणि उठून शर्ट घातला.

रेकॉर्ड रूम तळघरात आहे. काकांची रजिस्टरं वर्षावार लावलेली, पाठीवर त्यांच्याच अक्षरात वर्ष घातलेलं. त्यांनी हवं ते काढलं आणि एकदम त्याच पानावर उघडलं. न शोधता. म्हणजे ते पान त्यांनी याआधी किती वेळा उघडलं असेल कोण जाणे. वरून चौथी ओळ. बेड नंबर सहा. त्याचं नाव. त्याच ओळीत पुढे मास्तरांचं नाव. नात्याच्या रकान्यात 'भाऊ', त्यावर लाल रेघ. शेऱ्यात लाल अक्षरात: 'खोटे. आईचे नाव जुळत नाही. पेशंटशी बोललो. सिस्टरना सांगितले. नाही म्हणाल्या.'

खाली सही होती. माझी.

मी सही ओळखली आणि तरी वाकून पुन्हा पाहिली. माझ्या सहीच्या शेवटी एक वेलांटी येते, आईकडून आलेली. ती होती. मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. तो पेशंट नाही, ती ओळ नाही, काका येऊन काय म्हणाले ते नाही. रोज असल्या दहा सह्या मी काकांच्या पेनाने, न वाचता, चालता चालता करत होते.

"काय सांगितलंत तुम्ही मला?" मी विचारलं.

काकांनी आधी सांगायचं टाळलं. मग मी परत विचारलं तेव्हा बोलले. "दुसऱ्या दिवशी मी आत गेलो. बेड सहाला विचारलं, तुम्हाला भाऊ आहे का? त्याने मान हलवली, नाही. मग मी म्हटलं, बाहेर एक जण बसलाय, निळा स्वेटर, भाऊ म्हणून सांगतोय. तर तो हसला, सिस्टर. मास्क बाजूला केला आणि एक निरोप दिला मला. मी बाहेर येऊन तुम्हाला म्हटलं, हा ओळखतोय त्याला, निरोप देतोय, सोडू का? तुम्ही म्हणालात, ऑक्सिजन कमी झाला की पेशंट काहीही बोलतात. भाऊ आहे का विचारलंत ना? नाही म्हणाला ना? मग विषय संपला. आणि सही केलीत."

"आणि निरोप?"

"नाही दिला. निरोप दिला असता तर तो त्याचा कोणीतरी आहे असं झालं असतं. मग दार अडवून बसायला मला तोंड राहिलं नसतं." त्यांनी रजिस्टर मिटलं. "मी प्रश्नच चुकीचा विचारला. भाऊ आहे का, विचारलं. तुमचं कोण बाहेर बसलंय, असं विचारायला हवं होतं."

"बुधवारी हे हॉलमध्ये का नाही बोललात?"

"सगळ्यांसमोर तुमचं नाव आलं असतं."

तीन दिवस मी ज्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालत होते, तो तीन दिवस मला झाकत बसला होता. आणि ते कळल्यावर माझ्या मनात पहिला विचार काय आला, तेही लिहिते, कारण अर्धंच लिहायचं तर कशाला लिहायचं. मनात आलं, हे रजिस्टर सोळा वर्षांपूर्वीचं, दहा वर्षांनंतर रद्दीत घालायचा नियम आहे, कोणी विचारणार नाही. एक मिनिटभर मी तो विचार धरून उभी होते. मग काकांनी रजिस्टर काखेत मारलं आणि जिना चढायला लागले, आणि मी मागोमाग गेले.

सायकलच्या दुकानावरच्या खोलीत मास्तर कार्डांचे गठ्ठे बांधत होते. पिवळी कार्डं, शंभरशंभरचे. आम्हाला पाहून बेकरीवालीने खुर्च्या दिल्या. काका बसले नाहीत. टोपी काढून म्हणाले, "मास्तर, तो वॉचमन मी."

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. रागावले असं नाही, ओळखलं असंही नाही. दोरी हातातच राहिली.

"आणि नाही म्हणणारी सिस्टर मी," मी म्हणाले. वाटेत दहा वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आलं नाही. "मला आठवत नाही. पण सही माझी आहे."

काकांनी टेबलावर रजिस्टर उघडलं. मास्तर खाली वाकले. त्यांचं बोट त्या ओळीवरून सरकलं, एका नावावरून दुसऱ्या नावावर. लाल शेऱ्यापर्यंत ते गेलंच नाही.

"आमची दोघांची नावं एका ओळीत," ते म्हणाले. "घरभाड्याचा कागद त्याच्या नावावर. लाइटबिल माझ्या. असा एकत्र कागद आमचा एकही नव्हता." मग ओळीवरचं बोट न काढता, "याची झेरॉक्स मिळेल?"

"मिळेल," मी म्हणाले. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि मला त्याची लाज वाटत होती, कारण रडायचा हक्क त्या खोलीत माझा नव्हता.

"तुम्ही बुधवारी विचारलंत," काका म्हणाले, "त्यांना माहीत होतं का. होतं. मी सांगितलं होतं, निळा स्वेटरवाला बाहेर बसलाय म्हणून. ते हसले. तुमच्यासाठी निरोप दिला होता. मी पोचवला नाही."

मास्तर खुर्चीवर बसले. बेकरीवाली त्यांच्या मागे येऊन उभी राहिली. खाली कोणीतरी सायकलची घंटी वाजवून पाहत होतं, चालते की नाही म्हणून.

"सांगा," मास्तर म्हणाले. "जसं म्हणाला तसं सांगा."

काका ताठ उभे राहिले, दारावर उभे राहतात तसे. सोळा वर्षं त्यांनी तो निरोप जसाच्या तसा ठेवला होता.

"म्हणाले, त्याला विचारा, रोजची गोळी घेतली का."

मास्तरांनी हातातली दोरी टेबलावर ठेवली.

"नाही घेतली," ते म्हणाले. "तीन दिवस नाही घेतली."

ते आमच्याशी बोलत नव्हते.